लाल शिरांचा चुका आणि कलम एकोणीस

आमच्या सोसायटीच्या नियमावलीत एकूण बेचाळीस कलमं आहेत. त्यांतली एकेचाळीस कुणालाही माहीत नाहीत. एकोणिसावं मात्र लहान पोरांनाही पाठ आहे: 'सोसायटीच्या सामाईक जागेत कोणत्याही सभासदाने भाजीपाला लावू नये.' या कलमामागे तिसऱ्या मजल्यावरच्या भोपळ्याचा इतिहास आहे. तो पूर्ण सांगत बसलो तर मूळ गोष्ट राहून जाईल. थोडक्यात एवढंच, की अकरा वर्षांपूर्वी तिसऱ्या मजल्यावरच्या गृहस्थांनी फाटकाजवळ एक बी टोचलं आणि चार महिन्यांनी सचिवांची स्कूटर सापडेना. सापडली तेव्हा ती वेलाखाली होती आणि हँडलला एक भोपळा लटकत होता. तो भोपळा वेलाच्या मालकाचा की स्कूटरच्या मालकाचा, यावर तीन बैठका झाल्या. तिसऱ्या बैठकीपर्यंत भोपळा सडला, कलम एकोणीस जन्माला आलं आणि त्या गृहस्थांना भोपळेकाका हे नाव कायमचं चिकटलं.

या कलमाशी माझा कधी संबंध येईल असं मला वाटलं नव्हतं. मी वीज कंपनीत तेहतीस वर्षं मीटर तपासले. झाडांशी माझी ओळख तारांवर आलेल्या फांद्या तोडायला लावण्यापुरती. सोसायटीत मला सगळे मीटरसाहेब म्हणतात. यात साहेब हा शब्द प्रेमाचा आहे, हुद्द्याचा नाही.

झाडं हिने लावली होती. फाटकापासून मीटरच्या खोलीपर्यंत दोन हात रुंदीची मातीची पट्टी आहे, तिथे चार वर्षांपूर्वी नऊ रोपं. हात-हात लांब हिरवी पानं आणि प्रत्येक पानात गडद लाल शिरा. मला ते पान पहिल्यांदा दाखवलं तेव्हा मी म्हणालो होतो, वायरिंगचा नकाशा दिसतोय. मधून मेन लाइन, तिच्यातून दोन्ही बाजूंना कनेक्शनं, सगळी लाल. ही म्हणाली, "तुम्हाला दुसरं काही दिसणारच नाही." सचिवांनी तेव्हा येऊन विचारलं होतं, "वहिनी, भाजी नाही ना?" हिने सांगितलं, "शोभेचं आहे हो." सचिवांनी वाकून पाहिलं, पान सुंदर होतं, वाद मिटला.

गेल्या वर्षी ती गेली. त्याबद्दल मला काही लिहिता येत नाही.

झाडांना पाणी कोण घालणार हा प्रश्न आला नाही, कारण विचारणारंच कुणी नव्हतं. मी रोज सकाळी एक बादली घेऊन खाली जायला लागलो. एवढंच यायचं मला. बादली ओतायची, परत वर यायचं. झाडं जगली. पुढे कळलं की या झाडाला मुळातच ओलावा लागतो. म्हणजे माझं कर्तृत्व काही नाही. जे येत होतं तेच त्याला हवं होतं.

एका सकाळी मी असा बादली घेऊन उभा असताना पहिल्या मजल्यावरच्या मास्तरीणबाई दूध घेऊन फाटकातून आल्या. त्यांना निवृत्त होऊन बारा वर्षं झाली, पण समोरच्याला उभं करून प्रश्न विचारायची सवय गेलेली नाही.

"काय हो, हे काय आहे?"

"शोभेचं झाड."

"नाव?"

"माहीत नाही."

"चार वर्षं दारात आहे आणि नाव माहीत नाही?"

मी बादली या हातातून त्या हातात घेतली. शाळेतही मी असाच चुळबुळत उभा असायचो. बाईंनी एक पान तोडलं, चुरगळलं, हुंगलं आणि मला काही कळायच्या आत तोंडात टाकलं. मग एक डोळा बारीक केला.

"अहो, हा चुका आहे. आपला आंबट चुका असतो ना, त्याचाच भाऊ. लाल शिरांचा. चव आहे हो चांगली."

बाईंचा आवाज पन्नास मुलांच्या वर्गाला पुरायचा. सचिव दहा पावलांवर स्कूटर पुसत होते. त्यांचं फडकं थांबलं. त्या क्षणी माझ्या झाडाची जात बदलली.

सचिव वाईट माणूस नाही. आयुष्यभर नोंदणी खात्यात काम केल्यामुळे त्यांचा माणसापेक्षा नोंदीवर विश्वास आहे, एवढंच. संध्याकाळी ते स्वतः नोटीस घेऊन वर आले. खुर्चीवर टेकले, पाणी प्यायले आणि म्हणाले, "मीटरसाहेब, मला हे करताना बरं वाटत नाही. पण तक्रार आली."

"कुणाची?"

"माझीच. मी ऐकलं, म्हणून मीच लेखी दिली. मग सचिव या नात्याने स्वीकारली."

"ते शोभेचंच आहे हो. हिने सांगितलं होतं तुम्हाला."

"वहिनींनी सांगितलं होतं, त्यात प्रश्नच नाही. पण बाईंनी खाल्लं ना. खाल्लं की भाजी. आता तुम्ही असं करा, हे शोभेचं झाड आहे असा कुठला तरी दाखला आणा. तीस दिवस देतो. मग समिती पाहणी करेल. दाखला नसला तर उपटावं लागेल."

तीस दिवस मला भरपूर वाटले. ज्या माणसाने तेहतीस वर्षं सरकारी-निमसरकारी कामात काढली त्याला दाखला मिळवणं म्हणजे डाव्या हातचा मळ, असा माझा समज होता. पण मी खिडकीच्या आतल्या बाजूला असायचो, बाहेरून कधी उभा राहिलो नव्हतो, हे मी विसरलो.

नगरपालिकेच्या उद्यान विभागात खिडकीमागे एक गृहस्थ डबा उघडण्याच्या बेतात होते. मी पान पुढे केलं. त्यांनी पानाकडे पाहिलं नाही, एक जाड यादी काढली.

"नाव सांगा."

"लाल शिरांचा चुका."

त्यांनी बोट फिरवत यादी खालपर्यंत नेली. "शोभेच्या झाडांत नाही."

"पण दिसायला शोभेचं आहे. बघा तरी."

"काका, दिसण्यावर गेलो तर माझी वांगीही शोभेचीच आहेत. यादीत असेल ते शोभेचं. हंगामी आहे की वर्षानुवर्षं टिकणारं?"

"चार वर्षं झाली. दरवर्षी मुळातून नवीन येतं."

"मग भाजी कशी म्हणताय? भाजी हंगामी असते."

"मी कुठे म्हणतोय भाजी? सचिव म्हणतात."

"मग सचिवांना पाठवा." एवढं बोलून त्यांनी डब्याचं झाकण उघडलं, आणि उघड्या डब्यासमोर वाद घालायचा नाही हे मीही नोकरीत पाळलं होतं.

समोरच्या इमारतीत कृषी विभाग होता. तिथल्या बाईंनी पान हातात घेतलं, उलटंपालटं केलं, कौतुक केलं. मला आशा वाटली.

"ही भाजी आहे असा दाखला देता येईल," त्या म्हणाल्या. "आजच देते."

"मला तो नकोय. भाजी नाही असा हवाय."

"नाही असा दाखला देण्याची तरतूद नाही. आहे असाच देता येतो. देऊ का?"

"नको."

"मग तुम्ही इथे आलात कशाला?"

मी पान परत घेतलं. चार दिवसांत मी पाच खिडक्या केल्या आणि हातात काय आलं, तर सुकलेलं पान आणि रांगेत उभं राहून धरलेली कंबर.

आता दाखला मिळत नाही तर निदान सोसायटीच्या लोकांच्या मनात तरी झाडाची प्रतिमा सुधारावी, असं मी ठरवलं. माळ्यावर ऑफिसच्या भंगारातून आणलेला एक चांगला जाड पत्रा होता. त्याच्या कोऱ्या बाजूवर मी रंगाने लिहिलं, 'शोभेची झाडे. पाने खाऊ नयेत.' अक्षर माझं वळणदार नाही, पण स्पष्ट आहे. तक्रारदार इमारतीत राहतात म्हणून ती बाजू इमारतीकडे केली आणि पत्रा पट्टीत ठोकला.

दुसरी बाजू रस्त्याकडे होती. त्या बाजूला काय आहे याचा मी विचार केला नाही, कारण तेहतीस वर्षं ते इतक्या वेळा पाहिलं होतं की मला दिसेनासंच झालं होतं. कवटी, खाली दोन हाडं आणि 'धोका. स्पर्श केल्यास मृत्यू.'

दोन दिवस दूधवाला फाटकाबाहेरूनच हाका मारत होता. कुरियरवाल्याने पाकिटं कुंपणावरून आत फेकली. तिसऱ्या दिवशी दुसऱ्या मजल्यावरच्या सूनबाईंनी लेखी तक्रार दिली, की फाटकाजवळ विषारी झाडं आहेत आणि मुलं तिथेच खेळतात.

सचिव दोन कागद घेऊन आले. एक उजव्या हातात, एक डाव्या.

"ही तक्रार झाड खाता येतं म्हणून. ही खाल्लं तर मरतो म्हणून. मी दोन्ही एकाच फाइलला कशा लावू?"

मी पत्रा काढला. त्या दिवशी जिना चढताना मी कुणाकडे पाहिलं नाही.

विसाव्या दिवशी मात्र मला झाडानेच हात दिला असं वाटलं. पहिल्या रोपातून एक दांडा वर येताना दिसला. दोन दिवसांत आणखी तीन. म्हणजे फूल येणार. माझं गणित साधं होतं: फुलं बघायला म्हणून कुणी भाजी लावत नाही. ज्याला फूल येतं ते शोभेचं. पाहणीच्या दिवशी नऊ रोपांवर नऊ फुलं डोलत असतील तर कुठला सचिव त्याला भाजी म्हणेल?

मी त्या दांड्यांची जी सेवा केली ती मी माझ्या पोटच्या पोरीचीही केली नसेल. ती हिनेच केली होती. दांडे वाऱ्याने वाकू नयेत म्हणून मी जुन्या मीटरच्या लाकडी पाट्यांच्या काठ्या केल्या आणि इन्शुलेशन टेपने दांडे बांधले. तीन रोपांना लाल टेप, तीन पिवळी, तीन निळी. विजेच्या तारांचे तीन रंग, तिन्ही फेजवर सारखा भार. लोक येता-जाता थांबू लागले. सल्ले फुकट होते आणि भरपूर होते. कुणी म्हणालं चहाचा चोथा घाला, कुणी अंड्याची टरफलं. तळमजल्यावरचे डॉक्टर म्हणाले, "ताण येऊ देऊ नका त्याला." हा सल्ला ते सगळ्यांनाच देतात. भोपळेकाका कठड्यावरून तासभर बघत उभे राहिले आणि शेवटी म्हणाले, "दांडे फार चढलेत. मला लक्षण ठीक दिसत नाही." मी मनात म्हटलं, ज्याच्या नावावर एक अख्खं कलम आहे त्याने मला शिकवू नये.

रोज सकाळी वाटायचं, आज उमलेल. दांडे कमरेपर्यंत आले. मग टोकाला काहीतरी फुटलं. ते फूल आहे हे मला चार दिवस कळलं नाही. चहाची भुकटी सांडावी तसे बारीक तपकिरी दाणे, ना रंग ना वास. मग मी खाली पानांकडे पाहिलं. जुनी पानं चामड्यासारखी जाड झाली होती, भोकं पडली होती, कडा पिवळ्या. नवीन पान नावाला नव्हतं. इतके दिवस मी वरच बघत होतो. आता ती पट्टी भाजीचीही वाटत नव्हती आणि शोभेचीही नाही. पडीक जागेवर रान माजतं तशी दिसत होती.

पाहणी दुसऱ्या दिवशी होती. मी रोपवाल्याला शोधत गेलो. हिने रोपं कुठून आणली ते मला ठाऊक नव्हतं. तीन रोपवाटिका फिरल्यावर चौथ्याने फोनमधला फोटो पाहून मान हलवली.

"हे ताईंना मीच दिले. नऊ. ताई बऱ्याच दिवसांत आल्या नाहीत."

"गेली ती. वर्ष झालं."

त्याने हातातला पाण्याचा पाइप खाली ठेवला आणि जाऊन नळ बंद केला. मग परत येऊन फोटो पुन्हा पाहिला.

"दांडे का वाढू दिले, काका?"

"फूल यावं म्हणून."

"याला फुलासाठी नाही ठेवत. पानांसाठी ठेवतात. दांडा दिसला रे दिसला की बुडातून कापायचा, नाहीतर सगळा जोर बियांत जातो आणि पानं म्हातारी होतात. ताईंना पहिल्याच वर्षी सांगितलं होतं मी. त्या म्हणायच्या, रोज सकाळी कात्री घेऊनच जाते खाली."

मी तिथल्या उलट्या कुंडीवर बसलो.

कात्री मला माहीत होती. चहा गाळून झाला की ही कात्री घेऊन पाच मिनिटं खाली जायची. तीन वर्षं. मी पेपर वाचत असायचो. कात्री कशाला, हे मी एकदाही विचारलं नाही. लोकांच्या घरातलं मीटर जरासं जास्त फिरलं तर मला दारातून कळायचं. आपल्या घरात काय चाललंय ते कळलं नाही. मला वाटायचं, ही पाय मोकळे करायला जाते.

"आता काय करू?" मी विचारलं.

"जमिनीसरशी कापा सगळं. मूळ खोल असतं याचं. पाणी चालू ठेवा, येईल परत."

"नक्की?"

"बहुतेक," तो म्हणाला. झाडांच्या धंद्यात नक्की असं काही नसतं हे त्याने तोंडाने सांगितलं नाही.

ऊन उतरल्यावर मी तीच कात्री घेऊन खाली गेलो आणि नऊच्या नऊ रोपं कापली. काठ्या काढल्या, टेपचे तुकडे वेचले. पट्टीत नुसती माती उरली. मला वाटलं होतं वाईट वाटेल. वाटलंच. पण हात योग्य काम करतोय असंही बऱ्याच दिवसांनी वाटलं.

सकाळी सचिव रजिस्टर घेऊन आले, बरोबर समितीचे दोघे.

"रोपं कुठे आहेत?"

"इथेच आहेत."

"दिसत नाहीत."

"खाली आहेत. मातीत."

सचिवांनी माझ्याकडे पाहिलं, मग मातीकडे, मग रजिस्टरमध्ये लिहिलं आणि मला वाचून दाखवलं: 'पाहणीच्या वेळी पट्टी रिकामी आढळली. कलम एकोणीसचा भंग दिसून आला नाही.' प्रकरण बंद. माझ्या मनात आलं, पाच खिडक्यांनी जे केलं नाही ते एका कात्रीने केलं. त्या आनंदात मी दुपारी दोन घास जास्त जेवलो.

तीन दिवसांनी एक कागद सहीसाठी दारोदार फिरला. चष्मा आत राहिला होता, म्हणून मी न वाचताच सही केली. मीटरच्या नोंदीवर न वाचता सही करणाऱ्या किती लोकांना मी आयुष्यात झापलं असेल याचा हिशोब नाही. संध्याकाळी तोच कागद फलकावर लागला तेव्हा चष्मा लावून वाचला. 'फाटकाजवळील पट्टी रिकामी असल्याचे पाहणीत आढळल्याने तेथे फरशी बसवून दुचाकींसाठी जागा करण्याचा विषय येत्या सर्वसाधारण सभेपुढे ठेवण्यात येत आहे. सर्व सभासदांची संमती आहे.' खाली सगळ्यांच्या सह्या. सातवी माझी.

सभा अकरा दिवसांवर होती. मी काय करणार? बादली घेऊन खाली जायचो, रिकाम्या मातीवर पाणी ओतायचो, थोडा वेळ बघत उभा राहायचो आणि वर यायचो. पाचव्या दिवशी मुलीचा फोन आला. ती दुसऱ्या शहरात असते.

"बाबा, बरे आहात ना?"

"बरा आहे."

"मास्तरीणकाकूंचा फोन होता. म्हणाल्या, बाबा रोज नुसत्या मातीला पाणी घालतात."

"नुसती नाही. खाली मुळं आहेत."

तिने तिकडचा टीव्ही बंद केला. मग हळू आवाजात म्हणाली, "मी येऊ का दोन दिवस?"

"अगं, खरंच मुळं आहेत. रोपवाल्याला विचार."

"आणि नाही आलं तर? बाबा, आपण नवीन आणू ना. वर गॅलरीत कुंड्यांत लावू. तिथे कुणाचं कलम नाही."

"नवीन नकोत."

"का पण?"

मला असल्या गोष्टी बोलता येत नाहीत. तरी बोललो. "तिचे कपडे आहेत, भांडी आहेत, ती आहेत तशीच राहतील. पण तिने सुरू केलेलं आणि अजून चालू आहे असं हे एकच आहे. नवीन आणलं तर ते मी सुरू केलेलं होईल."

"बरं," मुलगी म्हणाली. थोड्या वेळाने पुन्हा म्हणाली, "बरं, घाला पाणी."

नवव्या दिवशी मातीतून काहीतरी वर आलं. अंगठ्याच्या नखाएवढं पान. त्यावरही शिरा होत्या, पुऱ्या, सगळ्या जोडण्यांसकट. दहाव्या दिवशी पाच ठिकाणी. पण फरशी येऊन भिंतीला लागली होती.

सभा खालच्या मोकळ्या जागेत, प्लास्टिकच्या खुर्च्या मांडून झाली. विषय तिसरा: फरशी. सचिवांनी वाचला आणि विचारलं, "हरकत कुणाची नाही ना? सगळ्यांच्या सह्या आहेतच."

मी उभा राहिलो. "माझी हरकत आहे."

"तुमची सही आहे, मीटरसाहेब."

"आहे. न वाचता केली."

मागून कुणीतरी हसलं. मी तयारी करून आलो होतो, चिठ्ठीवर मुद्दे होते, पण चिठ्ठी उघडलीच नाही. "ती पट्टी रिकामी नाही. मी पाहणीच्या आदल्या दिवशी झाडं कापली. मुळं आत आहेत. आणि ती भाजी आहे. बाई म्हणाल्या ते बरोबर आहे. शोभेचीही आहे, पण भाजी आहेच. मी दाखल्यासाठी पाच खिडक्या फिरलो, मिळाला नाही, कारण खोट्याचा दाखला मिळत नाही. हिने तीन वर्षं सांभाळली आणि मी चार आठवड्यांत वाट लावली. उपटायची असतील तर उपटा, पण रिकामी जागा म्हणून फरशी घालू नका. एवढंच."

आणि बसलो. न उघडलेली चिठ्ठी खिशात घातली.

पहिले उठले ते भोपळेकाका. "अध्यक्ष महाराज, माझा प्रश्न आहे. चुका राहणार असेल तर अकरा वर्षांपूर्वी माझ्या भोपळ्याने काय पाप केलं होतं?"

"भोपळ्याचा विषय आज पत्रिकेवर नाही," सचिव म्हणाले.

"अकरा वर्षं तो पत्रिकेवर येत नाही. मी मेल्यावर घेणार आहात का?"

"काका, तुमचा भोपळा माझ्या स्कूटरवर चढला होता."

"तुमची स्कूटर चार महिने हलली नव्हती. चढणार नाही तर काय करेल?"

यावर इतका गोंधळ झाला, की फरशी बाजूलाच राहिली. शेवटी मास्तरीणबाईंनी टाळी वाजवली आणि सगळे गप्प झाले, वयस्कर माणसंसुद्धा. "आधी सगळ्यांनी उठून झाड बघा," त्या म्हणाल्या. "न बघता मत देऊ नका. मी न विचारता तोंडात घातलं, त्याचं हे एवढं झालं."

सगळी सभा उठून फाटकाकडे गेली. फरशीच्या मापासाठी बिगारी जिथे दोरी लावून गेले होते तिथे लोक ओणवे झाले. सचिव गुडघ्यावर हात ठेवून कसेबसे खाली बसले. त्यांनी चष्मा कपाळावर सारला आणि एका पानाजवळ चेहरा नेला.

"ही वहिनींनी लावली त्यातलीच?"

"त्यातलीच. नवीन एकही नाही."

"म्हणजे पाहणीच्या दिवशीही ही रोपं इथेच होती."

"होती."

ते उठेनात. मला वाटलं गुडघा अडकला. मग तिथेच बसून त्यांनी रजिस्टर मागवलं, ते पान काढलं आणि 'पट्टी रिकामी आढळली' या ओळीवर रेघ मारली. बाजूला लिहिलं, 'नोंद चुकीची' आणि सही केली. त्यांच्या हाताखाली काम केलेले एक सभासद हळूच म्हणाले, "साहेबांनी स्वतःची नोंद खोडलेली मी पहिल्यांदाच बघतोय."

नोंद गेली तशी फरशीची जागाही गेली. ती उचलून मागच्या भिंतीकडे नेली आणि तिथे सूनबाईंची गाडी छान बसली. कलम एकोणीसला त्याच सभेत दुरुस्ती झाली. आता सामाईक जागेत गुडघ्यापेक्षा उंच नसलेलं झाड लावता येतं, भाजीचं असो की शोभेचं, मात्र प्रत्येक झाडाची नोंद आणि जबाबदार व्यक्ती हवी. भोपळेकाकांनी दुरुस्ती दोनदा वाचायला लावली. मग त्यांनी शांतपणे सांगितलं, की भोपळ्याचा वेल जमिनीवरून वीतभर उंच असतो, आणि लांबीबद्दल कलमात काहीच म्हटलेलं नाही. सचिवांचा चेहरा तेव्हा बघण्यासारखा होता, पण ठराव झाला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी सचिव नोंदीचा कागद घेऊन घरी आले. रूळ, पेन, शिक्का, सगळं बरोबर. कागदावर रकाने होते: झाडाचा प्रकार, संख्या, जागा, झाडे कोणाची. मी पहिले तीन भरले. चौथ्यात हिचं नाव लिहिलं, पूर्ण.

सचिवांनी वाचलं आणि त्या रकान्यावर बोट ठेवलं. "मीटरसाहेब, मयत व्यक्तीचं नाव चालत नाही हो नोंदीला."

"मला माहीत आहे."

वर्षभर मी तेच करत होतो. बँकेत जाऊन तिचं नाव कमी केलं, गॅसच्या जोडणीवरून कमी केलं, विम्यातून, मतदार यादीतून, सोसायटीच्याच शेअर सर्टिफिकेटवरून. प्रत्येक ठिकाणी अर्ज, अर्जासोबत दाखल्याची प्रत, आणि समोरचा माणूस पट्टीने सरळ रेघ मारायचा. मी कुठेही वाद घातला नाही. नियमच तो. पण या कागदावर तिचं नाव आधीपासून नव्हतं, की जे खोडायचं राहून गेलंय. हे मी नव्याने लिहिलं होतं. मी यातलं काही सचिवांना बोललो नाही. नुसता कागदाकडे बघत बसलो आणि पेन त्यांच्याकडे दिलं नाही.

सचिवांनी रूळ उचलला. मला वाटलं, आता रेघ मारणार. त्यांनी तो नावाच्या खाली, थोडी जागा सोडून ठेवला, खिशातलं दुसरं पेन काढून एक बारीक रेघ आखली आणि रेघेच्या सुरुवातीला लिहिलं, 'तर्फे'.

"इथे तुम्ही सही करा," ते म्हणाले. "अशी एक तरतूद असते."

अशी तरतूद असते की नाही मला ठाऊक नाही. नोंदणीतलं ते जास्त जाणतात. मी सही केली. त्यांनी कागद उचलून खिडकीच्या उजेडात धरला आणि तिचं नाव वाचलं. मोठ्याने, पहिलं, मधलं, शेवटचं, एकेक शब्द सुटा करून, ऑफिसात पक्षकाराला वाचून दाखवत असतील तसं.

"बरोबर आहे ना?" त्यांनी विचारलं.

मी म्हणालो, "बरोबर आहे."